वॉर्डात आधी कोणाकडे जायचं? या चुका टाळा

नवीन स्टाफ आली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतंच, "सिस्टर, प्रायॉरिटी ठरवायची एखादी सोपी ट्रिक सांगा ना." ट्रिक बिक काही नाही. एबीसी सगळ्यांना पाठ असतं, एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन, आणि ते चुकीचंही नाही, पण परीक्षेच्या पेपरात चार पेशंट देतात आणि त्यातला एक निळा पडलेला असतो, मग काय, उत्तर समोरच असतं. वॉर्डात असं कोणी निळं पडून तुमची वाट बघत नाही. तिथे सगळ्यांच्या फाईलवर "स्टेबल" लिहिलेलं असतं, आणि त्यातला एखादा हळूहळू घसरायला लागलेला असतो, तो कोण हे शोधायचं असतं. त्यासाठी मी एकच बघते, मघाशी कसा होता आणि आता कसा आहे. बाकी सगळं त्याच्या मागून.

मेडिसिन-सर्जरीच्या वॉर्डात त्याच त्या चुका बघून कंटाळा आलाय म्हणून लिहायला बसले.

जो ओरडतो त्याचा नंबर पहिला

ही माझी सगळ्यात नावडती चूक. ज्या बेडचे नातेवाईक मोठ्याने बोलतात तिकडे सगळी नवी पोरं धावतात. मान्य आहे, भीती वाटते, तक्रार जाईल असं वाटतं. पण जो खरंच आजारी पडत चाललाय त्याला ओरडायची ताकद नसते हो.

एक प्रसंग सांगते. संध्याकाळची ड्युटी. एका बेडवर सलाईन शिरेबाहेर जाऊन हात सुजला होता आणि नातेवाईकांनी वॉर्ड डोक्यावर घेतला होता. ड्युटीवरची पोरगी तिथेच अडकली, लाईन काढली, दुसरी लावायला गेली, शीर मिळेना, त्यात अजून बोलणी खाल्ली. दोन बेड सोडून एक पेशंट होता, दुपारी आतड्याचं ऑपरेशन होऊन आलेला, एकदम शांत माणूस. त्याने दोनदा पाणी मागितलं, एनबीएम, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही असा, होता म्हणून "आत्ता नाही काका" सांगून झालं. मग तो पांघरूण काढायचा, परत घ्यायचा, पाय हलवत राहायचा. झोप येत नसेल असं सगळ्यांनी धरलं.

मी ओव्हर, म्हणजे ड्युटीचा ताबा, घ्यायला आले तेव्हा चार्ट बघितला. चारला पल्स 84, बीपी 138/84. पाचला 98, 130/88. सहाला 112, 118/90. मी म्हटलं हे काय चाललंय, तर उत्तर आलं, "सिस्टर, बीपी तर नॉर्मल आहे, आणि ड्रेनमध्ये पण काही नाही." ड्रेन म्हणजे ऑपरेशनच्या जागेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी.

आता हे तीन आकडे एकाखाली एक ठेवून वाचा. पल्स चढतेय, वरचं बीपी उतरतंय, खालचं थोडं वर जातंय, म्हणजे दोघांतलं अंतर 54 वरून 28 वर आलंय. एकटं 118/90 बघितलं तर कोणीही पुढे जाईल. पण हा पोटात रक्त जात असलेला माणूस होता. मोठ्या माणसात साधारण 30 टक्के रक्त जाईपर्यंत शरीर शिरा आवळून वरचं बीपी धरून ठेवू शकतं, म्हणजे बीपी धाडकन पडायची वाट बघत बसलात तर दीडेक लिटर गेलेलं असतं. हात लावला तर गार आणि ओलसर. युरोबॅगेत, म्हणजे लघवीच्या पिशवीत, दोन तासांत मिळून 25 मिली, खरं तर तासाला किलोमागे अर्धा मिली तरी यायला हवी, साठ किलोच्या माणसाला तासाला 30. आणि ड्रेन? नळीत गुठळी अडकली होती. रिकामा ड्रेन म्हणजे रक्त जात नाहीये असं नसतं, बाहेर येत नाहीये एवढंच.

सर्जनना फोन, दोन जाड लाईन, रक्त मागवलं, परत ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. आत एक शीर उघडी होती ती बांधली, पेशंट वाचला. आणि तो सुजलेला हात? तो दुसऱ्या दिवशी आपोआप उतरला.

मग ओरडणाऱ्याचं काय करायचं, तर त्याला एक वाक्य द्यायचं. सलाईन बंद करा, हात उशीवर उंच ठेवा, "पंधरा मिनिटांत येते" म्हणा आणि खरंच या. एक मात्र, आत काय चाललं होतं ते बघून घ्या, साधं सलाईन असेल तर थांबता येतं, नॉरअ‍ॅड्रेनालिन (बीपी चढवणारं औषध) किंवा केमोचं औषध शिरेबाहेर गेलं असेल तर ते थांबणारं काम नाही.

माझी सवय अशी, ओव्हर झाली की फाईलीत डोकं घालायच्या आधी प्रत्येक बेडपाशी जायचं. चेहरा, श्वास, हाताला हात, युरोबॅग, ड्रेन, ड्रेसिंग. ड्रेसिंग वरून कोरडं दिसलं तरी पाठीखाली हात घालून बघायचा, कारण रक्त खाली ओघळतं. थायरॉइडचं ऑपरेशन असेल तर मानेमागे. एका बेडला मिनिटभर पण लागत नाही आणि "सिस्टर, आधी औषधं आटपू का?" असं विचारणाऱ्याला मी नाही म्हणते.

श्वास 20, श्वास 20, श्वास 20

वरच्या पेशंटच्या चार्टवर तिन्ही वेळा श्वास किती लिहिला होता सांगा. बरोबर, 20. मी मोजला तेव्हा 28 होता.

हे 20 कुठून येतं मला माहितीय, मनातून येतं. पल्स मशीन सांगतं, बीपी मशीन सांगतं, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, मशीन सांगतं, श्वास मोजायला घड्याळाकडे बघत उभं राहावं लागतं आणि तेवढा पेशन्स कोणाला आहे. मग 18 नाहीतर 20 ठोकायचं. अख्ख्या वॉर्डचा श्वास 20, म्हातारी न्यूमोनियाची बाई पण 20 आणि उद्या डिस्चार्ज होणारा तरणाताठा माणूस पण 20.

याने काय होतं बघा. पेशंट किती बिघडतोय ते आकड्यात सांगणारा न्यूज-2 नावाचा स्कोअर बऱ्याच ठिकाणी वापरतात, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये पहिला काढला आणि 2017 मध्ये सुधारला. त्यात श्वास 12 ते 20 ला शून्य मार्क, 21 ते 24 ला 2 आणि 25 किंवा जास्तला थेट 3. आमच्या पेशंटचं गणित करा. पल्स 112 चे 2, बीपी 118 चे शून्य, सॅच्युरेशन 97 ते पण ऑक्सिजन न लावता, शून्य, ताप नाही, शुद्धीवर आहे. खोटा 20 धरला तर एकूण 2, म्हणजे फारसं काही नाही. खरा 28 धरला तर 5, आणि 5 ला तातडीने डॉक्टरने बघायचं असतं. एका आकड्यात आळस केला आणि अख्खा स्कोअर झोपला.

सॅच्युरेशन चांगलं होतं ना, असं कोणीतरी म्हणेलच. असणारच. माणूस जोरजोरात श्वास घेऊन ते चांगलं ठेवत असतो. श्वास आधी वाढतो, सॅच्युरेशन नंतर पडतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनतो तेव्हा, तेच, रक्त जाताना तेच, डायबेटिसमध्ये रक्त आम्ल होतं त्या किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये तर सॅच्युरेशन पडत पण नाही, फक्त श्वास खोल आणि भरभर चालतो.

मोजायची माझी पद्धत, पल्स बघून झाली की मनगटावरची बोटं काढायची नाहीत, नजर छातीवर न्यायची, पूर्ण एक मिनिट. पेशंटला वाटतं पल्सच बघतेय. त्याला सांगून मोजलंत तर तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारे पण आहेत, एका श्वासाची चूक झाली की चारचा फरक पडतो, एवढा हिशोब तरी करा.

अस्वस्थ आहे, झोपेचं इंजेक्शन द्या

नको. आधी ऑक्सिजन बघा, शुगर बघा, लघवी तुंबलीय का बघा, कॅथेटरची नळी अंगाखाली दुमडलीय का बघा, रक्त जातंय का बघा. काल बरोबर बोलणारा माणूस आज भलतंच बोलत असेल तर ते वय झालं म्हणून नसतं.

शांत झोपलाय, उठवू नको

मॉर्फिन किंवा फेंटानिल ही दुखण्याची जोरदार औषधं चालू असलेल्या पेशंटला उठवून बघायचंच. गुंगी आधी वाढते, श्वास नंतर मंदावतो. त्यात ऑक्सिजन लावलेला असला की सॅच्युरेशन 98 दाखवत राहतं आणि माणूस मिनिटाला आठ श्वासांवर आलेला असतो. बोलता बोलता डोळे मिटत असतील तर पुढचा डोस थांबवा आणि कळवा.

दुखतंय म्हणजे शेवटी बघू

पुस्तकात वेदना खाली टाकलेली असते म्हणून सगळ्याच वेदना खाली टाकतात. नवीन छातीत दुखणं खाली नाही. प्लास्टर घातलेल्या पायात औषध देऊनही न थांबणारं, बोटं हलवली की जीव जाईल असं दुखणं खाली नाही, ते कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे आत दाब वाढून स्नायूंना रक्त न मिळणं, असू शकतं, आणि "पल्स लागतेय की" हे उत्तर चालत नाही, पल्स बऱ्याचदा शेवटपर्यंत लागते. ताबडतोब कळवायचं, आणि तोवर पाय उशांवर उंच करायचा नाही, हृदयाच्या पातळीला ठेवायचा.

एबीसीचा रट्टा

सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसाच्या कायमच्या आजाराचा, जुना पेशंट, सॅच्युरेशन 90, आरामात बोलतोय. शेजारी ओटीतून नुकताच आलेला, पल्स वाढतेय. "ब्रीदिंग आधी" म्हणून पहिल्याकडे धावणारे बघितलेत मी, आणि वर ऑक्सिजन वाढवून ठेवतात. अशा बऱ्याच सीओपीडीवाल्यांचं टार्गेटच 88 ते 92 असतं, तो त्याचा रोजचा आकडा आहे. नवीन झालेलं जुन्याच्या आधी, वाढत चाललेलं थांबलेल्याच्या आधी, मग एबीसी.

इन्सुलिन दिलं, जेवणाचं बघितलंच नाही

इन्सुलिन टोचायचं आणि मग कळतं की पेशंटला तपासणीसाठी उपाशी ठेवलंय. आधी विचारा. शुगर 70 च्या खाली आणि शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर 15 ग्रॅम ग्लुकोज तोंडाने, 15 मिनिटांनी परत तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं सलाईन.

बाकी बारीकसारीक: ओटीतून आलेल्या पेशंटचं पहिलं बीपी-पल्स मदतनीसावर सोडू नका, स्वतः घ्या. बीटा ब्लॉकर, म्हणजे पल्स हळू ठेवणारं औषध, घेणाऱ्याची पल्स रक्त गेलं तरी फारशी चढत नाही, तिथे पल्सवर विसंबू नका. रक्ताची बॅग लावलीत की पहिली 15 मिनिटं तिथेच थांबायचं असतं, त्यामुळे दुसरा पेशंट डगमगत असेल तर आधी कोणाला तरी बोलवा आणि मग लावा, आणि पेशंटला थंडी वाजली की पहिलं काम बॅग बंद करणं, फोन नंतर. पोटाची जखम उघडून आतडं बाहेर आलं तर आत ढकलू नका, सलाईनने ओलं केलेलं निर्जंतुक गॉज, गुडघे वाकवून झोपवणं, आणि पेशंटजवळून हलायचं नाही, हाक मारा.

"सर, पेशंटला बरं वाटत नाहीये"

असा फोन केलात तर "बघतो" एवढंच उत्तर मिळणार, आणि त्यात डॉक्टरची एकट्याची चूक नाही. तुमच्या प्रायॉरिटीला समोरच्याच्या डोक्यात जागा मिळायला आकडे लागतात, ते पण आधीचे आणि आताचे. "दुपारी आतड्याचं ऑपरेशन झालेला पेशंट. चारला पल्स 84 होती, आता 112. बीपी 138 वरून 118. श्वास 28, मी स्वतः मोजलाय. लघवी दोन तासांत 25. आत रक्त जातंय असं मला वाटतंय, तुम्ही आत्ता येऊन बघा." "मला वाटतंय" म्हणायला पोरी घाबरतात, चुकलं तर काय म्हणून. चुकलं तर डॉक्टर चार पावलं फुकट चालेल. फोन ठेवायच्या आधी किती वेळात येताय आणि तोवर मी काय करू हे विचारून घ्या, आणि फोन केल्याची वेळ तेव्हाच फाईलीत लिहा, ड्युटी संपताना आठवून आठवून नको.