‘नेक्स्ट’ दाबण्याआधी कागद

रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) शिकवताना मी पायथन ट्यूटर पडद्यावर लावायचो. फिलिप गुओ यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं हे साधन कोड एकेक ओळ चालवून दाखवतं: फंक्शनच्या प्रत्येक कॉलची (बोलावण्याची) चौकट, तिच्यातले व्हेरिएबल, यादीकडे जाणारे बाण. मुलं माना डोलवायची. मग कागदावर फिबोनाची ५ (आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची, अशा मालिकेतली ५ क्रमांकाची संख्या) काढायला सांगितलं की वर्ग गप्प!

चूक माझीच होती. बटण मी दाबत होतो, मुलं सिनेमा बघत होती.

आता नियम एकच. ‘नेक्स्ट’ दाबण्याआधी पुढची चौकट प्रत्येकाने वहीत काढायची. फिबोनाची ५ साठी एकूण किती कॉल होतील, हेही आधीच लिहायचं. उत्तरं ५, ८, १० अशी येतात. खरे होतात १५ (० आणि १ ला थांबलो तर), त्यात फिबोनाची ३ दोनदा आणि २ तीनदा. तेच काम पुन्हा पुन्हा होतंय हे दिसलं, की ‘सर, उत्तर साठवून ठेवू या का?’ असं कुणीतरी विचारतंच. मेमोआयझेशन हा शब्द मी त्यानंतर उच्चारतो.

यादीच्या बाबतीत तर अंदाज हमखास चुकतो. अ ही यादी असताना ‘ब = अ’ लिहिलं की मुलं दोन याद्या काढतात; पडद्यावर मात्र एकाच यादीकडे दोन बाण. आपली चूक वहीत समोर असल्याने ‘मला माहीत होतं’ म्हणायची सोय राहत नाही.

तासाला निम्माच भाग होतो, हे खरं.