पाळणाघरात कापडी डायपर देताना
बाळाला पाळणाघरात किंवा आजीकडे ठेवताना कापडी डायपर घरूनच पूर्ण तयार करून द्यावेत, म्हणजे आतील शोषक घडी खिशात सरकवलेली आणि बटणे बाळाच्या मापाला लावलेली असावीत, जेणेकरून सांभाळणाऱ्या ताईंना ते थेट बांधता येतील. दर २ ते ३ तासांनी एक याप्रमाणे मोजून वर दोन अधिक द्यावेत. वापरलेल्यांसाठी चेनची जलरोधक पिशवी द्यावी. ते तिथेच धुतले जावेत अशी अपेक्षा मुळीच ठेवू नये, कारण कापडी डायपरला नकार मिळतो तो बहुधा या कामाच्या धास्तीनेच. पहिल्या दिवशी स्वतः बांधून दाखवावे आणि आतील कापडाची कड मांडीपाशी बाहेर राहिली तर कपडे ओले होतात, हे आवर्जून सांगावे.