कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवताना या चुका टाळा

बीसीएच्या पहिल्या वर्गात दहावीनंतर गणित सुटलेली मुलंही असतात. कुणी कॉमर्सचं, कुणी आर्ट्सचं. पहिल्याच तासाला फळा चिन्हांनी भरला की ती नुसती उतरवून घेतात, आणि स्टाफरूममध्ये आपण म्हणतो, "यांचा बेसच कच्चा." बेस असतो. आपण तिथून सुरुवात करत नाही, ही पहिली चूक.

युक्लिडचा अल्गोरिदमच घ्या. शाळेत भागाकार पद्धतीने मसावि काढायचो, तोच हा. २५२ ला १०५ ने भागा, बाकी ४२. १०५ ला ४२ ने, बाकी २१. ४२ ला २१ ने, बाकी शून्य, मसावि २१. हे वहीत करून घ्या आणि विचारा, "दर वेळी कुठल्या दोन संख्या पुढे गेल्या?" उत्तर आलं की व्हाइल लूप, म्हणजे अट खरी असेपर्यंत तीच पायरी पुन्हा करायला लावणारी प्रोग्रॅममधली सूचना, मुलांनीच सांगितलेली असते.

'जर-तर'चं ट्रुथ टेबल, म्हणजे दोन विधानं खरी-खोटी असताना अख्खं वाक्य खरं की खोटं ते दाखवणारा तक्ता, पाठ करायला लावू नका. पहिलं विधान खोटं, दुसरं खरं, तरी अख्खं वाक्य खरं कसं? इथे सगळे अडतात. मी बापाचा शब्द घेते: "पास झालास तर सायकल घेईन." पोरगा नापास झाला, तरी सायकल आली. बापाने शब्द मोडला का? नाही. मोडतो तो एकाच ओळीत: पास झाला आणि सायकल नाही. आता 'तर'चं 'तरच' करा. नापास होऊनही सायकल आली, तर आता शब्द मोडला! मराठीतला हा 'च' वर्गात जरूर वापरा. प्रोग्रॅममध्ये इफच्या (जर-तरच्या) अटी उलट्या लिहिण्याची सवय त्याने बरीच सुटते.

'क्ष = क्ष + १' हे बीजगणितात अशक्य, प्रोग्रॅममध्ये रोजचं. "क्षमध्ये क्ष अधिक एक ठेव" असं मोठ्याने वाचून घेतलं की पुरतं.

उणे ७ ला ३ ने भागून बाकी किती? मुलगी वहीत २ लिहिते, सी भाषेतला प्रोग्रॅम उणे १ दाखवतो, आणि ती स्वतःचं बरोबर उत्तर खोडते. खोडू देऊ नका. पायथॉन ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा बाकी २ च देते. सीमध्ये भागाकार शून्याच्या बाजूला तोडला जातो, पायथॉनमध्ये खालच्या पूर्णांकाकडे. बाकी त्यामुळे बदलते. दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवा आणि भागाकार तिलाच फळ्यावर मांडू द्या.