कवळी सैल होते, टोचते? या चुका टाळा

कवळी सैल झाली की दोष कवळीला दिला जातो. बदललेला असतो जबडा. दात काढल्यावर त्याखालचं हाड झिजू लागतं. पहिल्या वर्षी सर्वांत जास्त, मग हळूहळू, पण जन्मभर. अ‍ॅक्रिलिकची कवळी मात्र माप घेतलं त्या दिवसाचाच आकार धरून बसते. मधली पोकळी भरायला रोज थोडी जास्त चिकटवण्याची क्रीम लावणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. कोरड्या कवळीवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात. तेवढ्यानं भागत नसेल तर दंतवैद्याकडून आतल्या बाजूला नवा थर भरून घ्या. याला रिलायनिंग म्हणतात. हलती कवळी तशीच रेटली तर हाड आणखी झिजतं आणि पुढची कवळी बसवणंच अवघड होतं.

खालची कवळी वरचीपेक्षा थोडी जास्त हलणारच. वरचीला अख्ख्या टाळूचा आधार असतो; खालचीला तो नाही, शिवाय जीभ तिला सतत ढकलते.

टोचते म्हणून घरी कानस किंवा ब्लेड चालवू नका. आणि काढून ठेवून चार दिवसांनी दवाखान्यात जाऊ नका, तोवर हिरडीवरचा वळ पुसला जातो. आदल्या दिवशी थोडा वेळ तरी घाला, म्हणजे नेमकं कुठे घासायचं ते दिसतं. कवळी काढून ठेवूनही दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर लगेच दाखवा. तंबाखू, मिश्रीची सवय असेल तर एक दिवसही थांबू नका.

तुटलेली कवळी झटपट गोंदानं जोडू नका. तुकडे केसभर सरकले तरी चावा बिघडतो, आणि मग कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेतही ती नीट जुळत नाही.

टूथपेस्टनं बारीक ओरखडे पडतात, त्यांत जंतू साठतात. मऊ ब्रश आणि सौम्य द्रवसाबण वापरा. धुताना खाली पाणी भरलेलं घमेलं ठेवा, हातून निसटली तरी फुटणार नाही. उकळतं पाणी नको, कवळी वाकडी होते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. घालूनच झोपणाऱ्यांच्या टाळूवर बुरशी वाढून तो लाल होऊ शकतो. अपवाद एकच: दात काढल्या-काढल्या बसवलेली कवळी. ती साधारण पहिले 24 तास काढायची नसते. सूज आली की परत बसत नाही.

नवी कवळी असताना भाकरी पुढच्या दातांनी तोडू नका, मागची बाजू उचलली जाते. लहान घास करून दोन्हीकडे एकदम चावा.

तारेचे हूक असलेली अर्धी कवळी चावून दाबत बसवू नका. बोटांनी दोन्हीकडून सारखी दाबा. हूक वाकला की पकड गेली.