सिंथवेव्ह करायचंय? आधी स्नेअरची शेपूट कापायला शिका

सिंथवेव्ह म्हणजे १९८०च्या दशकातल्या सिंथसायझरच्या आवाजावर बेतलेली इलेक्ट्रॉनिक शैली. तिचे बहुतेक धडे एकच सांगतात: जुन्या सिंथचे प्रीसेट घ्या, रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा आवाज) ओता, वर कॅसेटची खरखर टाका. त्याने गाणं जुनं वाटत नाही, नुसतं गढूळ होतं. १९८०च्या दशकातले ड्रम मोठे वाजायचे आणि वेळेवर गप्पही व्हायचे. मेख या गप्प होण्यात आहे: स्नेअर या कडक वाजणाऱ्या ड्रममागे रेंगाळणारा रिव्हर्ब, म्हणजे त्याची शेपूट, झटक्यात तोडण्यात. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर हाताळता येतं, हे गृहीत धरलंय.

टेम्पो मिनिटाला ८० ते ११० ठोक्यांच्या मध्ये कुठेही ठेवा. खालची उदाहरणं १००ची आहेत. मायनर स्केलमधल्या चार कॉर्ड पुरतात. ए मायनर, एफ, सी, जी घेतल्या म्हणून कोणी नावं ठेवणार नाही.

बेससाठी सर्ज एक्सटी हा मोफत सिंथ उत्तम. दोन सॉटूथ ऑसिलेटर, त्यातला एक किंचित सुरावरून सरकवलेला, लो-पास फिल्टर बराचसा बंद. कॉर्डची मूळ नोट एका ठोक्यात चार वेळा वाजवा. किक पहिल्या-तिसऱ्या ठोक्यावर, स्नेअर दुसऱ्या-चौथ्यावर. सॅम्पल लिनड्रम या ऐंशीच्या दशकातल्या ड्रम मशीनच्या वळणाचे घ्या.

आता स्नेअर. इथे घाई करू नका.

हा तुटका आवाज, म्हणजे गेटेड रिव्हर्ब, रुळला तो इंग्लिश गायक पीटर गॅब्रिएलच्या १९८० साली आलेल्या तिसऱ्या अल्बमपासून. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ड्रमवर फिल कॉलिन्स होता, इंजिनिअर ह्यू पॅजम. वादकांचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून लावलेल्या माइकवर जबर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारं यंत्र) होता. त्यातून ड्रम अख्ख्या खोलीसकट फुगून आले, आणि नॉइज गेटने (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या यंत्राने) तो फुगवटा मध्येच तोडला. म्हणजे आधी दाबायचं, मग तोडायचं. कॉम्प्रेसर गाळला तर गेट बंद होईपर्यंत रिव्हर्ब आपणहूनच बराच ओसरलेला असतो. मग तोडण्यात दम उरतो काय?

स्नेअर एका वेगळ्या बसवर पाठवा. बसवर पहिला प्लेट किंवा मोठ्या खोलीचा रिव्हर्ब, डिके दोन-तीन सेकंद, मूळ आवाज पूर्ण बंद. मग इक्यू: २०० हर्ट्झच्या खालचं सगळं उडवा, ती जागा बेसची आहे. मग कॉम्प्रेसर, दहा-बारा डेसिबल खाली दाबेल इतका कडक. शेवटी गेट.

बहुतेकांचं गाडं या गेटवर अडतं. गेटला रिव्हर्बचा आवाज ऐकवला तर शेपूट थ्रेशोल्डच्या (गेट उघडण्याच्या पातळीच्या) आसपास रेंगाळते आणि गेट उघड-मीट करत फडफडतं. थ्रेशोल्ड कितीही फिरवा, हे पुरतं जात नाही. गेटला कोरा, रिव्हर्बविना स्नेअर ऐकवा. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये बसला चार चॅनेल द्या, स्नेअरचा दुसरा सेंड चॅनेल ३/४ वर पाठवा आणि रीगेट या त्यातल्याच गेटचा डिटेक्टर ऑक्झिलरी इनपुटवर ठेवा. आता स्नेअर वाजला की गेट उघडतं आणि किती वेळ उघडं राहायचं ते मुख्यतः होल्ड ठरवतो.

हा होल्ड अंदाजाने लावू नका. ६०,००० ला टेम्पोने भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १००च्या टेम्पोला ६००. त्याचा अर्धा, ३००, ही शेपटीची एकूण मर्यादा. कोरा स्नेअर थ्रेशोल्डच्या वर असतो तेवढा वेळ आणि रिलीज (गेट पूर्ण बंद व्हायला लागणारा वेळ) त्यातच बसवायचे, म्हणून होल्ड २०० पासून सुरू करा, रिलीज ३० ठेवा आणि कान लावून सरकवा. अॅटॅक शक्य तितका कमी. रिलीज १००च्या पुढे नेलात तर तो साधा रिव्हर्ब झाला, एवढी खटपट फुकट.

गेटेड रिव्हर्बचे तयार प्रीसेट मी वापरत नाही. त्यांना तुमचा टेम्पो ठाऊक नसतो. तुमच्या गेटमध्ये होल्डच नसेल, तर रिव्हर्ब ऑडिओत उतरवून हाताने कापा. कंटाळवाणं आहे, पण चोख. आणि या बसवर हाय-हॅट किंवा सिंबल कधीही पाठवू नका. गॅब्रिएलने त्या अल्बममध्ये सिंबल वाजवूच दिले नव्हते. स्नेअर आणि टॉम, बस्स. नुसता स्नेअर सोलो करून ऐकाल तर आवाज उद्धट वाटेल. बेससोबत ऐकूनच निर्णय घ्या.

पुढचं सोपं आहे. पॅडला जुन्या ज्युनो-६० सिंथसारखा कोरस द्या, घंटेसारख्या सुरांसाठी यामाहाच्या डीएक्स७ सिंथची नक्कल करणारा डेक्स्ड मोफत मिळतो, लीडला थोडा पोर्टामेंटो आणि डिले.

किकसोबत बेस आणि पॅड साइडचेनने (किक वाजली की आपोआप दाबणाऱ्या कॉम्प्रेसरने) खाली दबवा. हे दमदार हेलकावे ऐंशीच्या दशकातले नव्हेत. २००० नंतर कॅव्हिन्स्की, ‘कॉलेज’ या कलाकारांसारख्या फ्रेंच मंडळींनी ही शैली घडवली तेव्हा फ्रेंच हाउसमधून ते आले. ‘अस्सल जुनं’ म्हणून ते गाळलंत तर गाणं सिंथवेव्ह वाटणार नाही.

खरखर टाकायचीच असेल तर फक्त पॅडवर, तीही कमी. मास्टरवर टाकलीत तर स्नेअर तुटल्यानंतरची शांतता ती भरून टाकते.