छोट्या गाडीच्या स्टॉक इंजिनला सुपरचार्जर कसा लावायचा: आधी पेट्रोल, मग हवा

छोटी गाडी, १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, चार माणसं बसली आणि एसी चालू असला की साध्या चढाला पण खालचा गिअर टाकावा लागतो, हे ज्याने सोसलंय त्याच्या डोक्यात कधी ना कधी सुपरचार्जर येतोच. आणि बहुतेक जण सुरुवात करतात ती जुना सुपरचार्जर कुठे मिळतो ते शोधण्यापासून. मी म्हणेन नेमकं उलटं करा. सुपरचार्जर ही या कामातली सगळ्यात शेवटी बसवायची वस्तू आहे. आधी इंजिन तपासा, मग जास्तीचं पेट्रोल कुठून येणार आणि स्पार्क कोण सांभाळणार याची सोय करा, ती सोय बूस्टशिवाय, म्हणजे हवेच्या जादा दाबाशिवाय, काही दिवस नीट चालवून बघा, आणि मगच हवा कोंबा.

थोडक्यात हे यंत्र करतं काय, तर क्रँकच्या पुलीवरून बेल्टने फिरतं आणि इंजिन स्वतःहून जेवढी हवा ओढतं त्यापेक्षा जास्त हवा आत ढकलतं. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं म्हणजे ताकद जास्त. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो म्हणून त्याला एक्झॉस्टची सगळी बाजू बदलावी लागते, सुपरचार्जरला ती भानगड नाही, पण तो फिरायला इंजिनचीच ताकद खातो. त्यातही तीन प्रकार आहेत. रूट्स प्रकार खालच्या आरपीएमपासून दाब देतो पण हवा जास्त तापवतो. ट्विन स्क्रू कमी तापवतो पण महाग आणि मिळायला अवघड. सेंट्रिफ्यूगलचा दाब आरपीएम वाढेल तसा वाढतो, म्हणजे खाली जवळजवळ काही नाही आणि सगळी मजा वर. रोज चालवायच्या छोट्या गाडीला मला रूट्सच पटतो, कारण आपल्याला दम हवा असतो तो २,००० ते ४,००० आरपीएममध्ये.

पहिलं काम, इंजिनची तब्येत

कॉम्प्रेशन टेस्ट करा, इंजिन गरम असताना, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. चारही सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. शक्य असेल तर लीकडाऊन टेस्ट पण करा, त्यात हवा कुठून गळते ते कळतं, ऑइल फिलरमधून फुसफुस ऐकू आली तर रिंग गेल्यात, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. ऑइल पिणाऱ्या इंजिनला सुपरचार्जर लावूच नका, कारण ऑइलची वाफ सिलेंडरमध्ये गेली की पेट्रोलचा ऑक्टेन खाली येतो आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून पिस्टनवर ठोके बसणं, लवकर सुरू होतं.

आणि नॉकिंग हाच इथला खरा शत्रू आहे. स्टॉक, म्हणजे कंपनीतूनच आलेले, पिस्टन बहुतेक वेळा ओतीव ॲल्युमिनियमचे असतात, ते थोडाफार जास्त दाब सहन करतात पण नॉकिंगचे हातोडे सहन करत नाहीत, दोन रिंगांच्या मधली पिस्टनची कडा तुटते आणि खेळ संपतो. माझ्या एका मित्राचं इंजिन असंच गेलं, बूस्ट फार नव्हता, पण गाडीचा मूळ मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच वाचणारा होता, त्यामुळे बूस्ट आला तरी ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) तो दिसतच नव्हता, पेट्रोल जुन्याच हिशोबाने पडत राहिलं, मिश्रण पातळ झालं आणि तिसऱ्या सिलेंडरचा पिस्टन गेला. ब्रॅकेट, पुली, पाइप सगळं सुंदर बनवलं होतं त्याने, म्हणून जास्त वाईट वाटतं.

तुमच्या इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते तो आकडा, किती आहे तेही बघून ठेवा. २००२ ला आलेल्या मिनी कूपर एसमध्ये १.६ लिटर इंजिनवर ईटनचा एम४५ सुपरचार्जर होता, तर कंपनीने साध्या कूपरचं १०.६ चं कॉम्प्रेशन एसमध्ये ८.३ वर आणलं होतं. आपण स्टॉक इंजिन उघडणार नाही, म्हणजे कॉम्प्रेशन १० च्या आसपासच राहणार, म्हणून बूस्ट पण त्या बेतानेच घ्यायचा. माझ्या मते ०.३ ते ०.४ बार, म्हणजे ४ ते ६ पीएसआय, एवढ्यावर थांबा. ऐकायला कमी वाटतं पण छोट्या गाडीत तेवढ्याने खूप फरक पडतो.

दुसरं काम, पेट्रोल आणि स्पार्क (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा मीटर लावा. गाडीतला साधा सेन्सर बहुतेक वेळा नॅरोबँड असतो, तो हवा आणि पेट्रोलच्या १४.७ ला १ या प्रमाणाच्या आसपासच खरं सांगतो, पूर्ण बूस्टमध्ये आपल्याला मिश्रण ११.५ ते १२ च्या दरम्यान ठेवायचंय आणि ते त्याला कळतच नाही. वाइडबँडशिवाय ट्यूनिंग म्हणजे डोळे बांधून गाडी चालवणं.

मग ईसीयू. तीन रस्ते आहेत, मूळ ईसीयू रीफ्लॅश करणं (त्याचं सॉफ्टवेअर बदलणं), पिगीबॅक लावणं, किंवा स्वतंत्र स्टँडअलोन ईसीयू. रीफ्लॅश होत असेल आणि तो करणाऱ्याला बूस्टचा अनुभव असेल तर उत्तम. स्टँडअलोन सगळ्यात मोकळा, पण थंड इंजिन सुरू होणं, एसी लावल्यावर आयडल टिकणं, रेडिएटरचा फॅन, सगळंच नव्याने जुळवावं लागतं. पिगीबॅक सेन्सरचे सिग्नल बदलून मूळ ईसीयूला चकवतो, थोड्या बूस्टला चालतो, पण मूळ ईसीयू हळूहळू स्वतःची दुरुस्ती करत राहतो आणि आज नीट वाटलेलं मिश्रण महिन्याने हललेलं असू शकतं, मला त्यावर विसंबायला आवडत नाही. एक लक्षात घ्या, केबलच्या थ्रॉटलची जुनी साधी गाडी या कामाला सोपी असते, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत ईसीयूच्या हिशोबापेक्षा जास्त हवा दिसली की तो स्वतःच थ्रॉटल मिटतो.

मॅप सेन्सर २ किंवा ३ बारचा घ्या. इंजेक्टरचा हिशोब असा, बूस्टवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनला १०० हॉर्सपॉवरसाठी मिनिटाला साधारण ६०० सीसीच्या वर पेट्रोल लागतं, चार इंजेक्टर, आणि ते ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवायचे नाहीत, म्हणजे प्रत्येकी सुमारे २०० सीसी प्रति मिनिट. तुमचे मूळ इंजेक्टर यापेक्षा लहान असतील तर बदला, आणि पंप पूर्ण लोडवर दाब टिकवतो का ते गेज लावून बघा.

स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, घ्या आणि गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा, दाबाखाली मोठा गॅप असला की ठिणगी विझते आणि गाडी झटके देते. टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगी कधी पडते त्यासाठी, सुरुवातीचा अंदाज म्हणून बूस्टच्या दर पीएसआयला साधारण एक डिग्री मागे घ्या, पुढचं डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर) ठरेल. पेट्रोल मिळेल तेवढ्या जास्त ऑक्टेनचं वापरा आणि ट्यूनिंग त्याच पेट्रोलवर करा.

हे सगळं झाल्यावर गाडी सुपरचार्जरशिवाय दोन आठवडे चालवा. आयडल, थंड स्टार्ट, हायवे, ट्रॅफिक, सगळं. काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते लगेच सापडतं, नाहीतर नवा ईसीयू, नवे इंजेक्टर आणि नवा ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जरच) तिन्ही एकदम लावले की दोष कोणाचा ते शोधताना वेड लागायची पाळी येते.

तिसरं काम, ब्लोअरचा साइझ आणि पुली

हे गणित स्वतः करा, कोणाच्या भरवशावर राहू नका. १.२ लिटर इंजिन दोन फेऱ्यांत एकदा १.२ लिटर हवा घेतं, म्हणजे ६,००० आरपीएमला मिनिटाला ३,६०० लिटर, आणि प्रत्यक्षात भरतं समजा ८५ टक्के, म्हणजे ३,०६० लिटर. ०.४ बार बूस्ट आणि बरा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) धरला तर हवेची घनता सुमारे १.३ पट होते. चाळीस टक्के दाब वाढला तरी घनता तीसच टक्के वाढली, कारण दाबलेली हवा तापते. म्हणजे ब्लोअरने मिनिटाला ३,९८० लिटर हवा द्यायला हवी.

आता आयसिनचा एएमआर५०० घ्या, तो एका फेऱ्यात ५०० सीसी हलवतो, गळती धरून ४२५ सीसी पकडा. ३,९८० भागिले ०.४२५ म्हणजे जवळजवळ ९,४०० आरपीएम. इंजिन ६,००० ला असताना ब्लोअर ९,४०० ला हवा, म्हणजे गुणोत्तर १.५६. क्रँकची पुली १२५ मिलिमीटरची असेल तर ब्लोअरची ८० मिलिमीटरची. हा आकडा ब्लोअर बनवणाऱ्याने दिलेल्या कमाल वेगाच्या आत आहे का ते तपासा, आणि पहिली पुली मुद्दाम थोडी मोठी, ९० ची बनवा, म्हणजे सुरुवात कमी बूस्टने होईल.

याच उदाहरणात हवा साधारण ५५ अंशांनी तापते आणि ब्लोअर फिरवायला चार किलोवॅटच्या वर ताकद लागते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तेवढी ताकद काढायची तर साडेतीनशे अँपिअर लागतील, म्हणून एअर फिल्टरच्या पाइपात बसवायचे ते छोटे पंखे सुपरचार्जर म्हणून कोणी विकत असेल तर पैसे वाचवा.

चौथं काम, बसवणं

आधी पुठ्ठ्याचं किंवा प्लायवुडचं डमी बनवून बॉनेट बंद होतं का, स्टीअरिंगचा रॉड, रेडिएटरचा फॅन, एसीचा पाइप कशाला लागतं का ते बघा. इंजिन रबराच्या माउंटवर हलतं, त्यामुळे चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोकळं हवं. ब्रॅकेट १० ते १२ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियम प्लेटचं, आणि ते ब्लॉक किंवा हेडच्या मजबूत बोल्टना धरलेलं, टायमिंग कव्हरच्या पातळ बोल्टना नाही. ब्रॅकेट लवलं की बेल्ट पळतो. सगळ्या पुल्या एका रेषेत हव्यात, सरळपट्टी लावून बघा, एक मिलिमीटरचा फरक पण बेल्टच्या कडा खातो. ब्लोअरच्या पुलीला बेल्टचा विळखा निदान १५० अंशांचा मिळेल अशा जागी आयडलर बसवा, आणि स्प्रिंगचा टेन्शनर बेल्टच्या सैल बाजूला. बेल्ट घसरला की ६,००० ला बूस्ट वाढायच्या ऐवजी पडताना दिसतो, लोक ब्लोअर खराब समजतात आणि दोष असतो विळख्याचा.

थ्रॉटल बॉडी ब्लोअरच्या आधी ठेवणं सगळ्यात सोपं. बायपास व्हॉल्व विसरू नका, हळू चालवताना तो हवा गोल फिरवतो, त्यामुळे ब्लोअर विनाकारण तापत नाही आणि पेट्रोलही कमी जळतं. जागा कमी असेल तर पाण्याचा इंटरकूलर बसतो, त्याला वेगळा पंप आणि पुढे छोटा रेडिएटर लागतो.

आता बारीक पाइप, ज्यात बहुतेकांची चूक होते. मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरांकडे हवा नेणाऱ्या भागात) पूर्वी फक्त ओढ असायची, आता दाब पण येणार. ब्रेक बूस्टरच्या पाइपात वन-वे व्हॉल्व असतोच, पण तो खरंच एकाच बाजूने हवा सोडतो का ते तोंडाने फुंकून तपासा, हा ब्रेकचा प्रश्न आहे. पीसीव्हीच्या (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणाऱ्या) पाइपात दाब सहन करणारा वन-वे व्हॉल्व घाला, नाहीतर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये जाऊन सील बाहेर फेकेल. पेट्रोलच्या वाफेचा कॅनिस्टरचा पाइप, तिथेही तेच. सगळं जोडल्यावर इनटेक बंद करून अर्ध्या बारची हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा.

ब्लोअरचं स्वतःचं ऑइल वेगळं असतं, बनवणाऱ्याने सांगितलेलंच भरा.

पाचवं काम, पहिला स्टार्ट आणि ट्यूनिंग

फ्यूल पंपाचा फ्यूज काढून इंजिन दहा सेकंद फिरवा, बेल्ट सरळ चालतो का बघा. मग सुरू करा आणि नुसतं आयडलवर गरम होऊ द्या. पहिले दोनशे किलोमीटर बूस्टमध्ये जायचंच नाही, बूस्ट गेजचा काटा शून्याच्या खाली.

ट्यूनिंग डायनोवरच करा, रस्त्यावर एकट्याने गाडी चालवत लॅपटॉप बघणं जीवघेणं आहे. आधी मिश्रण, टायमिंग मुद्दाम बरंच मागे ठेवून. ३,००० पर्यंतचा छोटा पुल (पूर्ण थ्रॉटलने एकदा आरपीएम चढवणं), लॉग (ईसीयूने नोंदलेले आकडे) वाचा, मग ४,०००, मग पुढे. मिश्रण सगळीकडे बसलं की टायमिंग एकेक डिग्रीने पुढे आणा, ताकद वाढायची थांबली की तिथेच थांबा, नॉकिंगची वाट बघू नका. ईसीयूमध्ये ठरवलेल्या बूस्टच्या थोडं वर फ्यूल कट ठेवा.

क्लच घसरायला लागला तर बदलावा लागेल, आणि ब्रेक पॅड त्याच्या आधी बघा. बदल नोंदणीच्या नियमात आणि विम्यात बसतो का हे गाडीला हात लावायच्या आधी लेखी विचारून घ्या.

५०० किलोमीटरला ब्रॅकेटचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा, बेल्ट परत ताणा, चारही प्लग काढून भिंगाखाली बघा. पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे चमकणारे बारीक ठिपके दिसले तर पिस्टन वितळायला लागलाय, गाडी तिथेच उभी करा, मोठी पुली परत लावा आणि लॉग पुन्हा पहिल्यापासून वाचा.