वांग्सनेसचा फ्रिथ्योफ: पुतळा पाहायचा कसा आणि मोजायचा कसा

नॉर्वेतल्या वांग्सनेस गावी फ्रिथ्योफ या जुन्या नॉर्स गाथेतल्या वीराचा उंच पुतळा आहे. तिथे गाडी लावली, पायथ्याशी जाऊन मान वर केली, फोटो काढला आणि निघाले, असे केले तर फ्रिथ्योफ अर्धाच पाहून होतो. सोग्नेफियॉर्ड या डोंगरांत शिरलेल्या लांब खाडीच्या (फियॉर्डच्या) दक्षिण काठावरच्या या पुतळ्याचे नाते समोरच्या किनाऱ्याशी आहे. तिथे बालेस्ट्रांडला राजा बेलेचा पुतळा आहे. दोन्ही जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने दिलेले आणि १९१३ सालचे. फ्रिथ्योफ घडवला माक्स उंगर या जर्मन शिल्पकाराने.

जाण्याआधी गाथेतला एक प्रसंग लक्षात ठेवा. बेले आणि फ्रिथ्योफचा बाप थोरस्टाइन जिवलग मित्र. मरताना दोघांनी मागितले की आमचे दफनाचे टेकाड फियॉर्डच्या दोन काठांवर, पाण्याजवळ घाला, म्हणजे काही घडणार असेल तर एकमेकांना हाक मारता येईल. फ्रिथ्योफचे प्रेम होते बेलेची मुलगी इंगेबोर्गवर. तिच्या भावांनी त्याला नकार दिला आणि खंडणी आणायच्या निमित्ताने ऑर्कनी बेटांवर धाडले. १८२५ साली स्वीडिश कवी एसाइयास टेग्नेरने या गाथेवर काव्य लिहिले, तेव्हापासून हा वीर युरोपभर पोचला. म्हणून पाहण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी बेले, मग पाणी, मग फ्रिथ्योफ.

बालेस्ट्रांडला बेलेचा पुतळा वायकिंग काळातल्या दफन-टेकाडावर उभा आहे. तिथून रस्त्याने आतल्या खाडीला वळसा घालून द्राग्सविकच्या धक्क्यावर या. अंतर सुमारे ९ किलोमीटर. द्राग्सविक, हेला आणि वांग्सनेस या तीन धक्क्यांमध्ये गाड्या नेणारी फेरी फिरते, आणि नेमकी इथेच गफलत होते: धक्क्यावर दोन वेगळ्या दिशांच्या रांगा असतात. पाटीवर ‘वांग्सनेस’ वाचूनच रांगेत शिरा, नाहीतर हेलाला पोचाल. वेळा ‘एन्टूर’ या नॉर्वेच्या प्रवास अ‍ॅपवर आदल्या दिवशी पाहा. भाडे गाडीच्या नंबरप्लेटवरून आपोआप आकारले जाते. गाडी भाड्याची असेल तर ते नंतर कंपनीच्या बिलात येते.

बोट सुटली की लगेच वरच्या डेकवर जा. अर्ध्या तासाच्या आत पलीकडे पोचता, म्हणजे गाडीत बसून वेळ घालवायची चैन परवडत नाही. समोरच्या भूशिरावर आधी एक उभी काडी दिसते. मग तिला खांदे फुटतात, खाली चौथरा वेगळा होतो आणि शेजारची घरे एकदम लहान होऊन जातात. पुतळ्याचे खरे माप कळते ते इथे, पायथ्याशी नाही.

दक्षिणेकडून येणाऱ्यांनी व्हॉसहून १३ क्रमांकाचा रस्ता धरावा. तो विकाफियेल्लचा घाट ओलांडून विक गावात उतरतो. पुढे वांग्सनेस सुमारे ११ किलोमीटर. हिवाळ्यात बर्फामुळे घाट बंद होतो, तेव्हा निघण्याआधी रस्त्याची स्थिती तपासाच.

आता उभे कुठे राहायचे? चौथऱ्यासकट पुतळा २० मीटरहून उंच आहे. हिशेबासाठी २२ धरा. १९व्या शतकात हेर्मान मेर्टेन्स या जर्मन वास्तुकाराने घालून दिलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो. उंचीइतक्या अंतरावर, म्हणजे २२ मीटरवर, नजर ४५ अंश वर जाते आणि बारकावे दिसतात. दुप्पट अंतरावर, ४४ मीटरवर, कोन २७ अंशांचा होतो आणि आकृती एका नजरेत मावते. तिप्पट अंतरावर, ६६ मीटरवर, भोवतालचा परिसरही तिच्यासोबत येतो. आधी ६६, मग ४४, शेवटी जवळ, असे पुढे सरका. अगदी पायथ्याशी पाय मोठे आणि डोके चिमुकले दिसते. तो कोनाचा दोष आहे, शिल्पकाराचा नाही.

फोटोतही तेच होते. फोन वर कलता धरला की पुतळा मागे पडल्यासारखा येतो. ४४ मीटरवर फोन उभा आणि ओळंब्यात सरळ धरा, झूम करू नका. नेहमीच्या २४ मिमी लेन्सने पुतळा चौकटीचा साधारण तिसरा भाग व्यापेल. बाकीचे नंतर कापा. झूम केलात तर शेंडा चौकटीबाहेर जातो आणि फोन कलवावाच लागतो.

उजेडाचा हिशेब घड्याळावर सोडू नका. उन्हाळी वेळेमुळे (घड्याळे तासभर पुढे केलेली असतात) जून-जुलैत इथे सूर्य बरोबर दक्षिणेला येतो तो दुपारी १च्या नव्हे, १:४०च्या सुमारास. त्या वेळी फेरीवरून, म्हणजे उत्तरेकडून, पुतळ्याची फक्त काळी आकृती मिळते. जूनमध्ये संध्याकाळी ७ला सूर्य पश्चिमेच्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा तिरपा उजेड फियॉर्डकडच्या बाजूवर पडतो आणि घडण उठून दिसते.

उंची स्वतः मोजायची असेल तर फोनवरचे कोन मोजणारे अ‍ॅप पुरते. चौथऱ्यापासून आडवे अंतर टेपने घ्या. पुतळा उंचवट्यावर असल्याने चढावरून टेप ओढला तर अंतर जास्त येते आणि उंचीही फुगते. टेप आडवा धरून टप्प्याटप्प्याने मोजा. मग शेंड्याचा आणि चौथऱ्याच्या बुडाचा असे दोन कोन घ्या. नुसता हिशेब समजण्यासाठी मनचे आकडे घेऊ: अंतर ४० मीटर, वरचा कोन ३० अंश, खालचा ५ अंश: ४० गुणिले ०.५७७ म्हणजे २३.१, ४० गुणिले ०.०८७ म्हणजे ३.५, वजाबाकी १९.६ मीटर. बूड डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर वजा न करता मिळवा. वरच्या कोनात १ अंशाची चूक झाली तरी इथे उत्तर सुमारे ९० सेंटिमीटरने हलते, म्हणून प्रत्येक कोन निदान पाच वेळा घेऊन सरासरी काढा.

परतीची फेरी संध्याकाळची धरा आणि बोटीच्या मागच्या टोकाला उभे राहा.